शनिवारची शामिसेन मंडळी

आमच्या घरात शामिसेन शिरलं ते मुलीच्या कार्टूनमधून. ती तेव्हा आठवीत होती. शाळेतून आली की दप्तर सोफ्यावर टाकायची, पडदे ओढायची आणि एसीखाली पाय पसरून जपानी कार्टून लावायची. कार्टून म्हटलेलं तिला खपत नसे. "मम्मा, इट्स ॲनिमे!" असं ती दर वेळी मला सुधारायची आणि मी दर वेळी विसरायची.

मी फिजिओथेरपिस्ट. सौदीत हुफूफच्या एका हॉस्पिटलात नोकरी करते. त्या दिवशी ड्युटीवरून येऊन भेंडी चिरत होते, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून एक आवाज आला आणि माझा हात थांबला. कुणीतरी तार छेडत होतं, पण प्रत्येक सुराबरोबर कातड्यावर चापटी मारल्यासारखंही वाजत होतं. तंबोरा आणि ढोलकी एकाच माणसाने एकाच हाताने वाजवावी, तसं. मी सुरी हातात घेऊनच बाहेर गेले.

"हे काय गं वाजतंय? तुणतुणं?"

"तुणतुणा क्या होता है?" स्क्रीनवरची नजर न काढता तिने विचारलं. आमच्याकडे मराठी प्रश्नाला हिंदी नाहीतर इंग्रजी उत्तर मिळतं. मग तिने मागे नेऊन तो तुकडा पुन्हा लावला. नंतर मीच आणखी एकदा लावायला सांगितला. वाद्याचं नाव तिला ठाऊक होतं. शामिसेन.

लहानपणी चिपळूणला मी एका बाईंकडे गाणं शिकत होते. पुढे कॉलेज, लग्न, नवऱ्याच्या पाठोपाठ सौदी, या सगळ्यात ते सुटलं. पण सुटलं म्हणजे कान काही बंद झाले नव्हते. तो आवाज दोन दिवस डोक्यात वाजत राहिला.

नवरा तेव्हा अल खफजीला, कुवेतच्या सीमेजवळ, समुद्रातल्या तेलविहिरींच्या मेंटेनन्सवर होता. आठवडाभर कॅम्पात राहायचा आणि गुरुवारी संध्याकाळी गाडी हाणत घरी यायचा. त्याला तो तुकडा ऐकवला तर तो हसायलाच लागला.

"अगं, हे तर आमच्या जपानी साहेबाकडे आहे! संध्याकाळी केबिनबाहेर खुर्ची टाकून वाजवतो. म्हणजे प्रयत्न करतो. आमची पोरं म्हणतात, साहेबाने पुन्हा पत्रा ठोकायला घेतला."

योग असा, की साहेबाचं कंत्राट संपत आलं होतं. माझ्या बायकोला तुमचं वाद्य आवडलं, असं नवऱ्याने त्याला सांगितल्यावर त्याने म्हणे दोनदा विचारून खात्री करून घेतली. कित्येक वर्षं तो पुस्तकात बघून एकटाच शिकत होता, आणि त्याच्या मते त्याला काही आलेलं नव्हतं. मायदेशी जाऊन तो निवांत मासे धरणार होता. निघायच्या आधी त्याने एक काळी पेटी आपल्या हाताने नवऱ्याच्या गाडीत ठेवली. किंमत विचारली तर हात हलवून म्हणाला, "बायकोला सांग, भिंतीवर टांगू नको. वाजव."

पेटी उघडली तेव्हा आम्ही तिघंही जमिनीवर बसलो होतो. आत मानेचे तीन तुकडे होते, ते एकात एक बसवायचे. पाटासारखा चौकोनी, दोन्ही बाजूंनी कातडं ताणून बसवलेला डबा. तीन तारा. आणि ते वाजवायचं साधन बघून तर मी कपाळाला हात लावला. त्याला बाची म्हणतात. पण दिसतं थेट आपलं उलथनं! घावन उलटायला घ्यावं तसं ते मुठीत धरायचं आणि तारेवरून खाली आणताना कातड्यावर आपटायचं.

मी रोज जेवणं झाल्यावर आपटू लागले. इंटरनेटवर एका म्हाताऱ्या जपानी गुरुजींचे धडे होते, तेही जपानीतच. गुरुजी काय म्हणतायत ते मुलगी थोडंफार सांगायची. ॲनिमेचा तेवढा उपयोग झाला. तिसऱ्या मजल्यावरची मल्याळी नर्स लिफ्टमध्ये भेटली आणि काळजीने म्हणाली, "दीदी, आपके घर में कारपेंटर का काम कब तक चलेगा?"

हळूहळू कारपेंटरचं काम थांबलं आणि गाण्यासारखं काही वाजायला लागलं. मग मात्र वेगळीच अडचण सुरू झाली. मला बोलायला कुणी नव्हतं. आज मधली तार नीट लागली, आज डावा हात न बघता जागेवर गेला, हे सांगायचं कुणाला? नवरा ऐकून घ्यायचा आणि "वा" म्हणायचा. तो "वा" मला ओळखीचा होता. मी नवीन पडदे लावले तरी तो तोच "वा" म्हणतो. चिपळूणला फोन केला तर भाऊ म्हणाला, "ताई, वाळवंटात जाऊन जपानी तुणतुणं? इथलं काही आवडलं नाही वाटतं?" खोबर शहरात वाद्यांच्या दुकानात चौकशी केली. तिथल्या लेबनानी माणसाने मला आस्थेने ऊद दाखवला. ऊद म्हणजे मोठ्या पोटाचं अरबी तंतुवाद्य. मी नाही म्हटल्यावर त्याने कीबोर्ड दाखवला.

शेवटी मुलीनेच मला शोधून दिलं. "मम्मा, देअर आर पीपल लाइक यू," ती म्हणाली. तिच्या सुरात जरा आश्चर्यच होतं. युरोपातल्या शामिसेनवेड्यांचा एक गट होता. त्यांतला कुणीही जपानी नव्हता. दर शनिवारी दुपारी सगळे कॅमेऱ्यासमोर जमायचे. अमेरिकेतल्या गटाची वेळ मला जमत नव्हती, जपानमधल्यांची भाषा. युरोप मात्र आमच्यापेक्षा तास-दोन तासच मागे, आणि शनिवारी मला सुट्टी. मी कुंकू लावून, बरासा कुर्ता घालून, मुलाखतीला बसावं तशी बसले.

गट चालवायची ती एक डच बाई. उंच, पांढऱ्या केसांची, आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झालेली. तिच्या शेजारच्या चौकटीत पोलंडचा एक बेकर असायचा. पहाटे पाव भाजून आल्यामुळे तो सतत जांभया द्यायचा, पण वाजवायला लागला की तोच सगळ्यांत जलद. बाकीचे येऊन-जाऊन असायचे.

"तू कुठून बोलतेस?" डच बाईने विचारलं.

"सौदी अरेबिया. हुफूफ. पण मी भारतातली."

"आणि शामिसेन?"

"ते खफजीचं," मी म्हणाले आणि सगळे हसले. मग मला सगळी हकिगत सांगावी लागली. सगळ्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच, अडखळत चालणारं. त्यामुळे कुणालाच कुणाची लाज वाटली नाही.

खरी ओळख झाली ती जवारीवरून. शामिसेनची सगळ्यांत जाड तार वरच्या टोकाला लाकडाला किंचित घासते आणि त्यातून एक गुंजन निघतं. ते नसेल तर आवाज कोरडा वाटतो. माझ्या वाद्यात ते नीट येत नव्हतं. जपानीत त्या गुंजनाला सावारी म्हणतात, असं डच बाईने सांगितलं आणि मी खुर्चीतून उठलेच.

"सावारी? आम्ही जवारी म्हणतो! आमच्या तंबोऱ्यात तेच असतं. तारेखाली दोरा सरकवून जुळवतात."

"दोरा? साधा दोरा?"

"साधा. शिवणाचा."

लहानपणी आमच्या बाई तंबोरा लावताना दोरा सूतभर पुढेमागे सरकवायच्या आणि तंबोरा एकदम बोलायला लागायचा. ते मला इतकं स्पष्ट आठवलं, की मी तिथल्या तिथे शिवणाच्या डब्यातला दोरा आणून शामिसेनच्या जाड तारेखाली घातला. पहिल्यांदा खरखर झाली. जरा मागे सरकवल्यावर तार घुमली. तंबोऱ्यासारखी नाही, पण घुमली. पोलंडचा बेकर जांभई अर्धी सोडून पुढे वाकला. पुढच्या शनिवारी त्याने आपल्या वाद्याला लाल दोरा बांधून दाखवला. तेव्हापासून मी त्यांच्यातली झाले.

मग उन्हाळा आला. हुफूफचा उन्हाळा म्हणजे बाहेर भट्टी आणि आत एसीची कोरडी हवा. एका शुक्रवारी आम्ही जेवत होतो. कपाटावरच्या पेटीतून "फाट्" असा आवाज आला. नवऱ्याला वाटलं बल्ब फुटला. मला मात्र आतून कळलं. पेटी उघडली तर पुढचं कातडं या टोकापासून त्या टोकापर्यंत उभं फाटलेलं. हात लावायचाही धीर होईना. ताटातला वरणभात तसाच राहिला. मुलगी जवळ येऊन बसली आणि चक्क मराठीत म्हणाली, "मम्मा, रडू नको ना." तेव्हा मला कळलं की मी रडत होते.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्यासमोर फाटकं शामिसेन धरलं. मला वाटलं होतं, सगळे हळहळतील. पण डच बाई टाळ्या वाजवायला लागली. "अभिनंदन! आता तू खरी वादक!" मग एकेकाने आपापल्या फाटण्याची गोष्ट सांगितली. बेकरचं तर ऐन कार्यक्रमात फाटलं होतं आणि लोकांना तो वाजवण्याचाच भाग वाटला होता. हसून हसून माझं दुःख निम्मं झालं. पण कातडं बसवायचं कुठे? युरोपात पाठवायचं तर वाटेत काय होईल सांगता येत नव्हतं.

हे सगळं मी हॉस्पिटलात माझ्या सौदी सहकारिणीला सांगितलं. ती आमच्याच डिपार्टमेंटमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्यापेक्षा बरीच लहान, सदा घाईत. तिने फोटो बघितला आणि म्हणाली, "कातडंच ना? माझा मामा डफ बनवतो. यल्ला, चल, गुरुवारी जाऊ."

मामाचं दुकान जुन्या बाजाराच्या एका गल्लीत होतं. नवरा, मी आणि ती, असे तिघं गेलो. लग्नात वाजवायचे डफ भिंतीभर टांगलेले. मामाने शामिसेन हातात घेतलं, उलटं केलं, डब्यावर टिचकी मारली.

"हा कसला ऊद? याला कुणी इस्त्री केली?" त्याने विचारलं. भाचीने भाषांतर करेपर्यंत तो स्वतःच हसत सुटला होता.

जपानी कातडं पातळ असतं, हे मी हातवारे करून सांगितलं. तो म्हणाला, माझ्याकडे बकरीचं आहे, जाड आहे, पण वाळवंटाला घाबरत नाही. आधी त्याने साफ सांगितलं, की याचं काय होईल ते मला माहीत नाही. मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "नाहीतरी फाटलेलंच आहे. होऊ दे." कातडं भिजवायचं, ताणून चिकटवायचं, सावलीत वाळवायचं, म्हणून वाद्य त्याच्याकडेच ठेवलं. मध्ये एकदा फोन आला की पहिलं ताणताना निसटलं, दुसरं लावलंय. भाची मला डिपार्टमेंटमध्ये पेशंटसमोरच ओरडून सांगायची, "तुझी बकरी वाळतेय!" पाठीच्या दुखण्यासाठी आलेल्या एका आजोबांनी मान वळवून मला विचारलं, तुम्ही बकऱ्या पाळता का?

वाद्य घरी आलं आणि मी बाची उगारली. आवाज पूर्वीसारखा चटचटीत नव्हता. भारदस्त होता, खालच्या पट्टीतला, डफाच्या घराण्यातला. तार वाजून गेल्यावरही डब्याच्या पोटात थोडा वेळ घुमत राही. मला आवडला. पण शनिवारी मंडळींसमोर वाजवताना मी घाबरले होते. हे शामिसेनच नव्हे असं कुणी म्हणालं तर?

मी एक छोटा तुकडा वाजवला.  मग बेकर म्हणाला, "पुन्हा." पुन्हा वाजवला. डच बाईने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "हे कातडं कधी बदलू नकोस. हे मला असं यंत्रातून ऐकायचं नाही. मी येते."

मला वाटलं, बोलण्याची पद्धत. पण ती ट्रामवाली होती. निघायचं म्हणजे वेळेवर निघायचं. थंडी पडल्यावर टुरिस्ट व्हिसा काढून ती खरंच आली. दम्मामच्या विमानतळावर तिला घ्यायला सहकारीण गाडी घेऊन माझ्याबरोबर आली. इतके महिने खांद्यापर्यंतच बघितलेली बाई दारातून बाहेर आली तेव्हा मी वरच बघत राहिले. दारात वाकून यावं एवढी उंच. पाठीवर शामिसेन. आम्ही दोघींनी एकमेकींना मिठी मारली, मागे सरून नीट बघून घेतलं आणि पुन्हा मारली.

हुफूफपर्यंतच्या रस्त्यात ती पुढे, चालवणारीच्या शेजारी बसली होती. माझी सहकारीण गाडी चालवते ती उंट मागे लागल्यासारखी. डच बाईचा उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत होता. शेवटी तिला राहवलं नाही. "मुली, मी अख्खं आयुष्य रुळांवर काढलंय. मला रूळ दिसत नाहीत तेव्हा भीती वाटते." सहकारीण इतकी हसली, की वेग आपोआप कमी झाला.

घरी नवऱ्याने पाहुणीसाठी सुरमई तळली होती. मुलीने तिला आपली खोली दिली आणि तिच्याशी ॲनिमेवर अशा काही गप्पा मारल्या, की मला वाटलं पाहुणी तिचीच आहे. जेवणानंतर खजुराची ताटली पुढे केली. "खलास," नवरा म्हणाला. आमच्या भागातल्या उत्तम खजुराचं नावच खलास. पण पाहुणीने येताना विमानात अरबीचे चार शब्द पाठ केले होते, आणि खलास म्हणजे संपलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने बिचारीने हात मागे घेतला आणि ताटली भरलेली असताना संपलं का म्हणतात, याचा विचार करत बसली. उलगडा झाल्यावर तिने अर्धी ताटली खलास केली.

शुक्रवारी दुपारी सहकारिणीच्या घरच्यांनी आम्हाला त्यांच्या खजुराच्या बागेत बोलावलं. झाडांमध्ये गालिचे अंथरलेले, पाटातून पाणी वाहत होतं, चुलीवर चहाची किटली. पुरुषमंडळी पलीकडे बसली, आम्ही बायका इकडे. सहकारिणीची आई, मावश्या, आत्या, शेजारणी. डच बाईने आपलं शामिसेन जोडलं, मी माझं. आम्ही स्वर मिळवले. दोन वाद्यं शेजारी शेजारी ऐकताना फरक आणखीच कळला. तिचं पावसाच्या थेंबांसारखं टपटप वाजणारं, माझं घुमणारं.

यंत्रातून कधी एकत्र वाजवता येत नाही. आवाज मागेपुढे होतो, म्हणून शनिवारी एक जण वाजवतो आणि बाकीचे ऐकतात. त्यामुळे दुसऱ्या माणसाबरोबर एका तालात शामिसेन वाजवण्याची ती माझी पहिलीच वेळ. सुरुवातीला मी पुढे पळत होते. तिने मानेनेच खूण केली, सावकाश. मग आमचे हात एकदम खाली यायला लागले. इतके दिवस एकटीने आपटत होते, आणि शेजारी दुसरी बाची पडली की हेच वाद्य असं वाजतं!

जपानी तुकडे संपल्यावर एक मावशी म्हणाली, आता तुमच्याकडचं. मी क्षणभर विचार केला आणि आमच्या कोकणात शिमग्याला पालखी नाचवताना ढोलाचा जो ठेका असतो, तो बकरीच्या कातड्यावर धरला. तारांवर जमेल तसे सूर लावले. दुसऱ्या फेरीला मावशीने मागून डफ काढला. तो अर्थातच मामाने केलेला होता. तिसऱ्या फेरीला बायकांच्या टाळ्या सुरू झाल्या, त्याही साध्या नव्हेत, दोन गटांत एकमेकींच्या मध्ये पडणाऱ्या. डच बाईला तो ठेका सापडत नव्हता. ती चुकत होती, हसत होती, पुन्हा धरत होती. माझी मुलगी, जिला आईचं वाजवणं ऐकताना कानात इयरफोन लागायचे, मध्ये उभी राहून नाचत होती. पलीकडून मामाचा आवाज आला. सहकारिणीने सांगितलं, "तो विचारतोय, फाटलं तर नाही ना?"

"सांग, नाही फाटलं!" मी ओरडले.

पाहुणी आठवडाभर राहिली. मामाच्या दुकानात जाऊन तिने त्याला आपल्या वाद्याचं कातडं दाखवलं आणि त्याने त्यावर बराच वेळ मान हलवली. जाताना तिच्या सामानात एक डफ आणि खजुराचे दोन डबे होते. ती गेल्यावर घर दोन दिवस ओकंओकं वाटलं. मग शनिवार आला आणि ती तिच्या चौकटीत नेहमीच्या जागी बसलेली दिसली, तेव्हा मी तिला जवळजवळ दार उघडायला उठले.

आता शनिवारी माझ्या शेजारी सहकारीणही बसते. तिने अजून स्वतःचं वाद्य घेतलेलं नाही, माझ्याच शामिसेनवर हात साफ करते. ती गाडीसारखंच वाजवते. मी सावकाश म्हणते, ती यल्ला म्हणते.

आणि बेकरने परवाच विचारलं, की हुफूफला खजूर घालून लालसर पाव भाजतात म्हणे, ते खरं का? खरं आहे. मी एक पाव कॅमेऱ्यासमोर फोडून दाखवला. त्याने तो नीट बघितला, चुरा कसा पडतो ते विचारलं, पीठ कुठलं ते विचारलं. शामिसेन त्या दिवशी बाजूलाच राहिलं. येत्या थंडीत तो येणार आहे. तिकीट काढलंय. नवरा म्हणतो, पहाटे पावाच्या भट्टीवर त्याला मी घेऊन जाईन, तुमच्या या शामिसेन मंडळींतलं तेवढंच मला कळतं.